घोडी, पट्टी आणि पंगत

जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोदावरीच्या अलीकडं आमचा पट्टा. लोक याला गोदापट्टा म्हणतात. धुळे-सोलापूर महामार्गानं शहागडचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. पुलाच्या अलीकडं वडीगोद्री, आणि वडीगोद्रीहून आत वळलं की अंतरवाली सराटी. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत अंतरवालीचा पत्ता सांगायचा झाला तर 'वडीगोद्रीजवळ' म्हणावं लागायचं. आता वडीगोद्रीचाच पत्ता 'अंतरवालीजवळ' असा सांगतात. आमचं गाव तिथून पायी तासाभराच्या वाटेवर आहे.

आंदोलनाचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत, तो मी इथं सांगत बसणार नाही. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आणि त्याच्या खालचं. आमच्या भागात माणसं पट्टी कशी काढतात, पंगत कशी उठवतात, फुकट राबायला हौसेनं कशी येतात, आणि या सगळ्यात एका घोडीचं काय काम, एवढंच.

आमच्या गावात चैत्रात सप्ताह बसतो. हनुमान जयंतीला सकाळी काल्याचं कीर्तन, मग दिंडीची प्रदक्षिणा, मग पंगत. दिंडीच्या पुढं घोडी चालते. घोडी धनगरवाड्यातल्या आबांची. दिंडी देवळात पोचली, आरती झाली, की तीच घोडी मारुतीच्या पारापासून ओढ्याकाठच्या वडापर्यंत आणि तिथून परत, अशा लेकरांच्या फेऱ्या मारते. फेरीचे पैसे डब्यात पडतात आणि ते पैसे शाळेला जातात. आम्ही याला 'घोडीचे' म्हणतो. "औंदा घोडीचे किती झाले?" असं गावात कुणीही कुणालाही विचारतं.

याची सुरुवात मी सातवीत असताना झाली. शाळेत पाण्याची टाकी नव्हती. लेकरं मधल्या सुट्टीत शेजारच्या मळ्यात विहिरीवर जायची, आणि एकदा एक पोरगं पायरीवरून घसरलं. वाचलं, पण गुरुजींच्या जिवाला घोर लागला. तालुक्याला अर्ज करून वर्ष गेलं. सप्ताहाच्या पट्टीतून पैसे मागावेत तर ते कीर्तनकारांच्या बिदागीला, मांडवाला आणि शिध्यालाच पुरत नव्हते. काल्याच्या दिवशी लेकरं घोडीच्या मागं पळत होती, ते बघून गुरुजी आबांना म्हणाले, "आबा, एकेक चक्कर मारू देता का लेकराइला? आठ आणे घेऊ." आबांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मारू द्या की. पण दहा चकरा झाल्या का तिला इसावा. अन् मोठ्या माणसानं बसायचं न्हाई."

त्या दोन अटी आजही पाळतो. त्यात पुढं एक तिसरी आली: ऊन डोक्यावर आलं की फेऱ्या बंद. रांगेत कितीही लेकरं उरली तरी बंद. मग रडारड होते. रडणाऱ्याला चिठ्ठी लिहून देतात आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यालाच पहिल्यांदा बसवतात.

या कामाला माणसं लागतात सहा-सात. एक जण लगाम धरून चालतो. हा बहुतेक आबांच्या घरचाच. एक जण लेकरू उचलून खोगिरावर ठेवतो, एक जण बाजूनं त्याच्या कमरेला हात लावून चालतो. वडापाशी एक जण पाण्याची बादली घेऊन बसतो. डब्यापाशी एक जण. आणि सगळ्यात अवघड काम रांग धरायचं. आमदार आले तरी आमच्या गावात रांग लागत नाही, पण घोडीपुढं लागते. ती मोडणारी लेकरं नसतात, त्यांचे बाप असतात. "माझं एकच हाय, पटकन बसवा, मला जालन्याला जायचंय." गेली वीस-बावीस वर्षं रांग माझ्याकडं आहे. त्यामुळं गावातल्या निम्म्या बापांची माझ्याविषयीची मतं मला तोंडपाठ आहेत.

पहिली चार-पाच वर्षं रांगेत पोरंच होती. पोरी पाराच्या कडेला उभ्या राहून बघायच्या. एका वर्षी आबांच्याच नातीनं, कुणाला न विचारता, पारावर चढून तिथूनच घोडीवर टांग टाकली आणि लगामाला कुणी हात लावायच्या आत घोडी दुडक्या चालीनं वडाकडं निघाली. ती पोरगी मेंढरांमागं घोडीवरच वाढलेली, तिला कसलं भ्या. ती परत आली तवा पाराच्या कडेच्या सगळ्या पोरी रांगेत आलेल्या होत्या. आता मोजायला गेलं तर पोरीच जास्त भरतील.

शहरातले पाहुणे हे बघून विचारतात, तुमच्या या कोरडवाहू मुलखात घोडा कुठून आला? घोडा इथं पाहुणा कधीच नव्हता. फक्त तो आमचा नव्हता.

आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. त्याच्या मांडीखालचा एक घोडा गोळी लागून पडला, दुसऱ्याला भाला लागला. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगात नावाजला, पण असईची लढाई आपण केलेल्या लढायांत सगळ्यात चांगली, असं तो म्हातारपणी सांगायचा म्हणतात. त्या लढाईत इथल्या गावांची किती रानं तुडवली गेली, किती कडबा फौजांच्या जनावरांनी खाल्ला, हे कुणी लिहून ठेवलं नाही. घोडदळ आलं की दाणावैरण गावाची, हे मात्र त्या काळी सांगायची गरज नव्हती.

मग निजामाचं राज्य. माझे आजोबा त्या राज्यात जन्मले आणि तिशीत सुटले; मराठवाडा मोकळा झाला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. आजोबांच्या तोंडी घोडा यायचा तो गिरदावराचा. गिरदावर म्हणजे महसुलाचा अंमलदार. तो घोड्यावर बसून गावात यायचा. तो आला की चावडीसमोर घोडा बांधायचा, आणि घोड्याला चंदी, गवत, पाणी कुणी आणायचं हे पाटील नावं घेऊन सांगायचा. याला वेठ म्हणत. पैसे मिळायचे नाहीत, नाही म्हणायची सोय नव्हती. आजोबा सांगायचे, "हरभरा घरात लेकराइला न्हाई, अन् त्याच्या घोड्याला दोन शेर." वेठीत सगळ्यांची नावं सारखी यायची नाहीत हेही त्यांनी सांगितलं होतं. पहिली नावं महारवाड्यातली, मग बलुतेदारांची, मग आमच्यासारख्या लहान कुणब्यांची.

आजोबांनी घोडीच्या फेऱ्या बघितल्या त्या शेवटची तीन वर्षं, पारावर बसून. ते हसायचे नाहीत, बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. एकदा मात्र म्हणाले, "घोड्याच्या पायी गावाला पैसा येतो, हे मी पयल्यांदा बघायलोय."

वेठ आणि सेवा यांत काम सारखंच असतं. कुणीतरी घोड्याला पाणी पाजतो, कुणीतरी गवत टाकतो. फरक एवढाच, की सेवेला नाव देताना माणूस स्वतः उठून उभा राहतो.

गावातला खरा घोडा होता तो धनगराचा. तो बसायला नव्हता, ओझ्याला होता. मेंढरं घेऊन कुटुंब निघालं की घोड्याच्या पाठीवर सगळा संसार: तंबू, भांडी, जाळी, पिलं असलेली कोंबड्यांची डालगी, आणि वर एखादं चालता न येणारं लेकरू. अंगानं लहान, पायानं घट्ट, दाणा कमी मिळाला तरी चालणारं तट्टू. भीमेच्या काठावरचं म्हणून त्याला भीमथडी म्हणतात. मराठ्यांच्या घोडदळाची कीर्ती ज्या तट्टांच्या पाठीवर उभी राहिली त्यांत भीमथडीचं नाव पहिल्यांदा घेतात. शाळेच्या पुस्तकात भीमथडीचं तट्टू मावळ्याच्या मांडीखाली असतं. आम्ही बघितलं ते धनगरीण पुढं चालतीये आणि मागं दोरीला धरून येतंय असं.

चैत्रात रब्बी निघून रान मोकळं झालं की शेतकरी धनगराच्या मागं लागायचे, "आमच्या वावरात दोन राती मेंढरं बसवा." लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी, कधी पैसे. कोणाच्या वावरात आधी यावरून भांडणं होत. मग पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा आमच्या तालुक्यातनं गेला, ऊस आला, मोसंबी आली, मोकळं रान कमी झालं. धनगरवाड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला आणि मोंढ्यात हमालीला लागली. घोडी फक्त आबांनीच ठेवली. कामून ठेवली म्हणून विचारलं तर म्हणायचे, "घर मोकळं मोकळं वाटतं तिच्याबिगर."

आताची घोडी तिसरी. ती त्यांनी माळेगावच्या यात्रेतून आणली. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी भरते आणि तिथं घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार असतो. खरेदीला मी बरोबर गेलो होतो. दोन दिवस आबा नुसते फिरले. दात बघितले, खूर उचलून बघितले, अंगावरचे भोवरे बघितले. एक अबलख घोडी मला फार आवडली होती. आबा म्हणाले, "दिसायला चांगली हाय. पण हिच्या कानाकडं बघा. ही लेकराइला सोसायची न्हाई." शेवटी घेतली ती साधी, मातकट कुमैत, कान ढिले सोडून उभी असलेली. व्यापाऱ्यानं किंमत सांगितली तेव्हा आबांनी उपरणं त्याच्या हातावर टाकलं आणि उपरण्याखाली बोटांनी सौदा झाला. किती बोटं दाबली ते त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही.

घोड्याविषयी आमच्या लोकांच्या मनात जी माया आहे ती वारीमुळं. आळंदीच्या पालखीत माउलींचा घोडा असतो, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरदारांकडून तो येतो. रिंगणात तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. इतक्या लांब सगळ्यांना जाता येत नाही. पण शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना शहागड, वडीगोद्री, अंबड, जालना अशी याच रस्त्यानं जाते. तिच्या पुढंही घोडे असतात. आमच्या गावचे लोक सडकेवर जाऊन उभे राहतात. मला त्या पालखीतलं सगळ्यात जास्त आवडतं ते पांढऱ्या कपड्यातल्या वारकऱ्यांच्या सरळ ओळी आणि कुणीही न ओरडता पार पडणारी जेवणं. रांग धरणाऱ्या माणसाला दुसऱ्याची रांग बघून काय वाटतं, ते रांग धरणाऱ्यालाच कळतं.

आता पंगतीकडं येतो, कारण २०२३ ला जे घडलं ते पंगतीशिवाय कळणार नाही.

गोदाकाठी सप्ताहाची जी तालीम झालेली आहे तिचं उगमस्थान सराला बेट. श्रीरामपूर आणि वैजापूरच्या मध्ये गोदावरीच्या पात्रातलं बेट. तिथल्या गंगागिरी महाराजांनी १८४७ च्या सुमाराला फिरता अखंड हरिनाम सप्ताह सुरू केला, तो अजून दर श्रावणात कुठल्या ना कुठल्या गावात भरतो आणि लाखांनी माणसं जेवतात. जेवण काय, आमटी आणि भाकरी. आमटी तिथं मोठ्या कढयांत शिजते, भाकरी मात्र तिथं कुणी करत बसत नाही. त्या पंचक्रोशीतल्या घराघरातून भाकरी येते. एका घराला पाच, एका घराला अकरा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून भाकरी येते आणि कोणत्या चुलीची भाकरी कोणाच्या पानात पडली हे देवालाच माहीत. तिकडं भगवानगडाच्या नारळी सप्ताहाचीही अशीच परंपरा. आमच्या गावचा सप्ताह त्यांच्यापुढं म्हणजे ओढ्यापुढं थेंब. पण रीत तीच: पट्टी एकरावर, भाकरी घरावर, आणि वाढपी गल्लीवार.

ही रीत पहिल्यापासून गोड होती असं म्हणणार नाही. माझ्या लहानपणी पंगती वेगळ्या बसत होत्या. बौद्ध वस्तीतली माणसं सगळ्यात शेवटी, आणि तीही पाराच्या पलीकडं. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात घरं जळली. १९९४ ला नामविस्तार झाला तोवर कितीतरी गावांत एकमेकांच्या दारात पाय नव्हता. आमच्या गावात त्या काळात दोन वर्षं वस्तीतून पट्टी आली नाही, आणि गावानं ती मागितलीही नाही. पुढं एका काल्याला वस्तीतली चार पोरं वाढपी म्हणून आली. गावानं काही जाहीर केलं नाही, कुणी भाषण केलं नाही. त्यांच्या हातची बुंदी पानात पडली आणि लोकांनी खाल्ली. दोन म्हातारे उठून गेले. पुढच्या वर्षी त्यातला एक परत येऊन बसला.

२९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण सकाळी नऊच्या आत भाकरीची दोन गाठोडी पारावर होती. रोज कुठल्या गावची भाकरी, कुठल्या गावचं पाणी, रात्री राखणीला कोण, हे आठवड्याभरात ठरून गेलं. वृत्तवाहिन्यांची माणसं विचारत, हे सगळं नियोजन कोण करतंय? आम्ही हसायचो. सप्ताहाच्या याद्याच तर होत्या त्या, नुसती वरची तारीख बदललेली.

१४ सप्टेंबरला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे गावात आले आणि उपोषण सुटलं. चाळीस दिवसांची मुदत ठरली. मुदत संपायच्या आत, १४ ऑक्टोबरला अंतरवालीत सभा झाली. शंभर एकरांहून मोठं रान त्यासाठी मोकळं केलं होतं. ते रान शेतकऱ्यांचं होतं. मी पाण्यावर होतो. पहाटे तीनला टँकर लावले, आणि उजाडलं तवा महामार्गावर दोन्ही बाजूंनी गाड्या थांबलेल्या होत्या, माणसं उतरून चालत येत होती. इतकी माणसं मी आयुष्यात एका जागी बघितलेली नाहीत. आकडा मला विचारू नका. प्रत्येकाचा वेगळा आहे. मी सांगू शकतो ते एवढंच, की माझ्या हाताला दुपारपर्यंत गार पाण्यानं सुरकुत्या पडल्या होत्या.

सभेच्या खर्चावरून पुढं वाद झाला. छगन भुजबळ यांनी एवढे पैसे कुठून आले म्हणून विचारलं, जरांगे यांनी गोदापट्ट्यातल्या १२३ गावांच्या वर्गणीचं उत्तर दिलं. राजकारणातले सवाल-जवाब त्यांचे त्यांच्यापाशी. सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारणं चूक नाही. आमच्या सप्ताहात तर काल्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर वही वाचूनच दाखवतात, आणि दोन रुपये जुळले नाहीत तर तासभर वाद घालतात. पण आमच्या भागातल्या वर्गणीत रोकड हा लहान हिस्सा असतो हे बाहेरच्याला कळत नाही. रान कुणाचं, टँकर कुणाचा, डिझेल कुणाचं, शंभर पोरांचे तीन दिवस कुणाचे, ते कुठल्या रकान्यात मांडणार? भाकरीला पावती नसते. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी मुंबईला आझाद मैदानावर आंदोलन गेलं तेव्हाही हेच झालं. मुंबईत खायचे हाल व्हायला लागले असं कळलं आणि गावोगावच्या भाकरी, ठेचा, चिवडा टेम्पोत भरून निघाला. तेव्हा आमच्या घरात माझ्या बायकोनं रात्री दोनपर्यंत भाकरी थापल्या. ती आंदोलनाविषयी एक अक्षर बोलली नाही. एवढंच म्हणाली, "कुणाचंबी लेकरू असू द्या, उपाशी ऱ्हाऊ नये."

हे झालं चांगलं. आता दुसरी बाजू.

जून २०२४ ला अंतरवालीत जरांगेंचं पुन्हा उपोषण झालं. त्याच महिन्यात वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपोषणाला बसले. दोन मांडव, मध्ये सायकलनं पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. लोकसभेची निवडणूक नुकतीच झालेली, तिच्या जखमा ताज्या. आबांचे दोन्ही लेक वडीगोद्रीच्या मांडवात जात होते. गावातली आमची पोरं अंतरवालीच्या. दोन्हीकडं भाकरी जात होती. भाकरी थापणाऱ्या बाया ओढ्यावर एकाच घाटावर धुणं धूत होत्या, पण बोलणं कमी झालं होतं. मोबाइलवर काय काय फिरत होतं ते लिहायची लाज वाटते. आमच्या शिवारापलीकडच्या एका गावात एकमेकांच्या दुकानात जायचं नाही इथवर गोष्ट गेली.

आबांच्या लेकांचं म्हणणं मी ऐकलं आहे. त्यांच्या थोरल्याची पोरगी नर्सिंगला लागली ती आरक्षणाच्या जागेवर. घरातली शिकलेली पहिली. "आमच्या ताटातलं कमी होणार असंल तर आमी बोलायचं न्हाई का?" असं तो म्हणाला. माझ्या पुतण्याला दोन एकर कोरडवाहू, बाप कर्जात गेलेला, परीक्षेत चार मार्कांनी जागा हुकलेली. त्याच्याही म्हणण्यात खोट नाही. निजामाच्या काळच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम चालू झालं तेव्हा तो जुन्या कागदांच्या मागं तालुक्याला खेटे घालत होता. दोघं एका बाकावर शिकलेले, एकाच घोडीवर बसलेले. दोघांनाही मी उचलून खोगिरावर ठेवलेलं आहे.

त्या पावसाळ्यापासून गावात एक प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात होता. पुढच्या चैत्रात घोडी येणार का?

मार्च २०२५ मध्ये सप्ताहाची बैठक पारावर बसली. पट्टी ठरली, कीर्तनकार ठरले. घोडीचा विषय आला तेव्हा एक पोरगा म्हणाला, "शहागडच्या वरातीवाल्याचा घोडा सांगू. नाचतो बी." क्षणभर कुणी बोललं नाही. मग पाणी सोडणारे तात्या, जे एरवी बैठकीत झोपतात, म्हणाले, "नाचणाऱ्या घोड्यावर लेकराइला बसवतो का रं?" विषय तिथं मिटला असं नाही, पण पुढं गेला. आबांकडं कोणी जायचं? दरसाल कुणीच जात नव्हतं, घोडी आपोआप यायची. निरोप द्यायचा म्हणजे शंका होती हे कबूल करायचं, आणि न द्यावा तर नाही आली तर? शेवटी वस्तीतला एक गडी, जो पूर्वी पहिल्यांदा वाढपी म्हणून आलेल्या त्या चार पोरांपैकी आहे आणि आता वाढप्यांचा पुढारी आहे, तो उठला. "मी जातो. मला दोन्हीकडं कुणी काय म्हणायचं न्हाई," असं म्हणाला आणि गेला.

१२ एप्रिलला हनुमान जयंती होती. काल्याचं कीर्तन चालू असताना माझं लक्ष ओढ्याच्या वाटेकडं होतं, हे मी नाकारत नाही. घोडी आली. पाठीवर नवी झूल होती. लगाम आबांच्या हाती होता. लेक नव्हते, तीच नात होती, जी पारावरून टांग टाकून बसली होती, ती आता सासरहून लेकराला घेऊन आलेली. दिंडी निघाली, घोडी पुढं चालली. फेऱ्या झाल्या. रांगेत माझ्या पुतण्यानं आपलं पोरगं आणून उभं केलं आणि ते पोरगं खोगिरावर बसलं तेव्हा बाजूनं हात लावून आबांची नात चालली. ऊन डोक्यावर आलं, आम्ही फेऱ्या बंद केल्या, चिठ्ठ्या लिहिल्या, रडारड झाली.

पंगत बसली तेव्हा आबा आले नाहीत. घोडीला वडाखाली बांधून ते तिथंच बसले होते. मी पत्रावळ घेऊन गेलो. म्हणाले, "पोट ठीक न्हाई आज." मी काही बोललो नाही. पत्रावळ खाली ठेवली आणि शेजारी बसलो. त्यांनी बुंदीतली चिमूटभर घेतली, तोंडात टाकली, उरलेली घोडीपुढं धरली. तिनं हुंगून तोंड फिरवलं. "हिला गोड चालत न्हाई," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात नाल बशिवलेत. शहागडला एकच नालबंद ऱ्हायलाय आता. किती घेतले इचारा."

मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मग पेंडीचा भाव, कडब्याचा भाव, लेकाच्या ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब असं बोलत आम्ही दोन पंगती उठेपर्यंत वडाखाली बसलो होतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चिठ्ठीवाल्या लेकरांच्या फेऱ्या झाल्या. डबा मोजला. त्या पैशातून शाळेत मुलींच्या बाजूला नळ बसवायचा ठरलं होतं, तो जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बसला. त्या नळाची चावी पोरं दर आठवड्याला मोडतात.